गेल्या वर्षीचा कान

हनुवटीकाकूंना खरं नाव होतं, पण ते वीजबिलाच्या बाहेर कुणी वापरत नव्हतं. शाळेतली पोरं, त्यांचे आईबाप, समोरचा चष्मेवाला, सगळ्यांच्या तोंडी हनुवटीकाकूच. कारण गेली सव्वीस वर्षं त्या समोरच्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आल्या होत्या. "हनुवटी खाली. अजून जरा. अहो एवढी नाही, जमिनीत पुरायचीय का?"

त्यांचा फोटो स्टुडिओ म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक लांबट खोली. पुढे काउंटर, काउंटरमागे फ्रेमांच्या पट्ट्या कापत बसलेला नवरा, त्याच्या पाठीमागे काळा पडदा, आणि पडद्याच्या आत काकूंचं राज्य. तिथे एक फिरतं स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, भिंतीवर निळं कापड आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. नवऱ्याला आत यायचं तर बाहेरून खाकरायला लागे. तो त्यांना 'सरकार' म्हणायचा. म्हणायचा थट्टेनं, पण वागायचा खरोखरच रयतेसारखा.

काकूंना आपल्या नजरेचा गर्व होता, आणि तो त्या लपवायच्या भानगडीत पडत नसत. माणूस स्टुलावर टेकायच्या आत त्या सांगायच्या, "पिशवी उजव्या खांद्याला अडकवता ना? तो खांदा खाली आलाय." एकदा बँकेतल्या साहेबांना त्यांनी तोंडावर सांगितलं, की तुम्ही डाव्या बाजूनंच चावता, उजवी दाढ दाखवून घ्या. साहेब चिडले, आणि पंधरवड्यानं दाढ काढून आले. तेव्हापासून नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "फोटोला दहा मिनिटं लागतील, तपासणी तशीच फुकट."

ही नजर त्यांना सासऱ्यांनी दिली. मामंजी म्हणजे जुन्या काळचे रिटचर. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन माणसाच्या चेहऱ्यावरचा वण, सुरकुती, डोळ्याखालचं काळं हळूहळू घालवत बसायचं. नवीन लग्न झालेल्या सुनेला त्यांनी स्वयंपाकघरातून उठवून त्या काचेपाशी बसवलं होतं. म्हणाले होते, "सूनबाई, दोन्ही बाजू सारख्या असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक डोळा बारीक असतो, एक भुवई वर असते. ते आपल्याला दिसलं पाहिजे, आणि बघणाऱ्याला दिसता कामा नये. हाच आपला धंदा." आणि दुसरी गोष्ट त्यांनी बोट रोखून सांगितली होती, "कच्चा फोटो गिऱ्हाइकाच्या हातात कधीही द्यायचा नाही. मेलो तरी नाही."

मामंजी गेले, निगेटिव्ह गेल्या, कॉम्प्युटर आला. शिकवण तेवढी राहिली.

दर वर्षी शाळा सुरू झाली की ओळखपत्रांच्या फोटोंचं काम काकूंकडे यायचं. चारशे बारा पोरं, तीन दिवस. शाळेच्या मोठ्या बाईंना सगळे फोटो एका साच्यातून काढल्यासारखे हवे असत. डोकं सरळ, केस चापून, दोन्ही कान दिसणार, दात दिसणार नाहीत. पोरं काही साच्यातली नसत. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान कलती, कुणी नेमकं त्याच क्षणी जीभ काढलेली. पण काकूंनी यावर एक युक्ती काढून ठेवली होती, आणि ती त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मागच्या सगळ्या वर्षांचे फोटो त्या जपून ठेवत. या वर्षी एखाद्यानं डोळे मिटले, तर त्याचेच गेल्या वर्षीचे डोळे उचलून बसवायचे. ओठ वाकडा आला, तर गेल्या वर्षीचा ओठ. सांधा कुठे दिसायचा नाही. मोठ्या बाई दर वर्षी कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन म्हणायच्या, "तुमच्यासमोर पोरं कशी शहाण्यासारखी बसतात हो!" आणि काकू पदर सावरत म्हणायच्या, "धाक लागतो."

त्या वर्षी मंगळवारी तिसरीचा वर्ग आला. त्यात पावाच्या गाडीवाल्याची मुलगी होती. पुढचे दोन दात फावड्यासारखे, म्हणून घरीदारी तिला खारूताई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. मागच्या वर्षी याच स्टुलावर बसून तिनं काकूंना विचारलं होतं, "तुमचा फोटो कोण काढतं?" या वर्षी ती बसली आणि काहीच बोलली नाही. मान डावीकडे कललेली.

"मान सरळ."

मान सरळ झाली नाही.

"अगं, कुठे बघतेस? खाली काय पैंजण पडलंय का?" मागची पोरं खिदळली. काकूंनी पुढे होऊन तिचे केस कानामागे सारले, आणि हनुवटीला धरून डोकं सरळ केलं. पोरगी कळवळली. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. काकूंना वाटलं, कुणीतरी आधीच रागावलेलं दिसतंय. त्यांनी फोटो काढला आणि पुढच्या पोराला हाक मारली. मागे अजून तीसजण होते, आणि त्यातल्या एकाला लागलीच शूला जायचं होतं.

बुधवारी दुपारी त्या फोटो घेऊन कॉम्प्युटरशी बसल्या. खारूताईचा फोटो उघडला आणि त्यांनी तोंडानं 'च्' केलं. डावा कान उजव्यापेक्षा चांगला बोटभर बाहेर आलेला, आणि जरा खाली सरकलेला. कपबशीच्या कपाला कान चुकीच्या जागी डकवावा, तसा. काकूंनी सवयीनं गेल्या वर्षीचा फोटो शेजारी उघडला. तिथे तोच डावा कान डोक्याला कसा अलगद चिकटून बसलेला, मागे बारीक सावलीची रेघ. सुरेख कान. त्यांनी तो उचलला, या वर्षीच्या चेहऱ्यावर ठेवला, कडा पुसल्या, रंग जुळवला. दोन मिनिटांचं काम. फोटो छपाईला गेला.

मग त्या चहाला उठल्या आणि पडद्याशीच थांबल्या.

"काय झालं, सरकार?" नवऱ्यानं विचारलं.

"कान वाढतो, अहो. पण वळत नाही."

"कुणाचा?"

"कुणाचा नाही. तुम्ही पट्टी कापा. तिरकी जातेय."

गुरुवारी त्यांनी ते दोन्ही फोटो पुन्हा उघडले. शुक्रवारी पुन्हा. आपण उगाच डोक्याला ताप करून घेतोय, असं स्वतःला बजावूनही झालं. पोरगी कुठे पडली असेल, एखादी गांधीलमाशी चावली असेल. पण सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो कान पाहिले होते. सुपासारखे, शिंपल्यासारखे, चिकटलेले, फेंदारलेले. कान जन्माला येतो तो आपला बसायचा कोन घेऊनच येतो. तो कोन वर्षभरात बदलला असेल, तर मागून काहीतरी त्याला ढकलतंय. आणि कानामागे तर नुसतं हाड. हाड कशाला ढकलेल?

शनिवारी सकाळी कार्डांचा गठ्ठा शाळेत पोचवायचा होता. निघण्याआधी काकूंनी खारूताईचे दोन फोटो छापले. एक गेल्या वर्षीचा, एक मंगळवारचा, कच्चा, जसाच्या तसा. पाकिटात घालून ते पर्समध्ये ठेवले. काढायची वेळ येऊ नये, असं मनाशी म्हणत ठेवले.

मोठ्या बाईंनी हजेरी पाहून सांगितलं, "तिसरीतली ना? गुरुवारपासून नाही आली. ताप आहे म्हणे. का हो?"

"तिचं कार्ड मीच देते नेऊन," काकू म्हणाल्या. "वाटेवरच आहे." वाटेवर काही नव्हतं. उलट्या दिशेला, बाजारपेठ ओलांडून पुढे होतं.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लोखंडी जिना, आणि वर दोन खोल्या. दार उघडंच होतं. बाप सकाळची फेरी संपवून आला होता, अंगाला ताज्या पावाचा वास. काकूंना पाहून तो गडबडला. "काकू, तुम्ही? या ना. अहो, कार्ड द्यायला एवढ्या लांब?"

त्यानं कार्ड हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला. "वा! काय फोटो आलाय! अगं, बघितलंस का?"

आतून आई हात पुसत आली. हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री करणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती कामाला होती. बोटांच्या टोकांना जुने चटके. तिनंही कार्ड पाहिलं, आणि तीही हसली. पण तिचं हसणं दमलेलं होतं. "तीन दिवस तापानं फणफणलीय, काकू. काल डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले पोट बिघडलंय. उलट्या होतात ना. गोळ्या दिल्यात."

"कुठेय ती?"

आतल्या खोलीत खिडकीला चादर लावून अंधार केला होता. खारूताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, डावा कान वर. खाटेशी बादली.

"उजेड नको म्हणते," आई म्हणाली. "डोकं दुखतं म्हणते."

"कान दुखतो का तिचा?"

"कान?" आईचा आवाज एकदम हलका झाला, जणू घरातली एकुलती एक चांगली बातमी विचारली. "नाही हो, कान बरा झाला तिचा! तीन महिने वाहत होता. अहो, वास यायचा, पोरं शेजारी बसेनात. रोज कापूस, रोज थेंब. आणि या सोमवारपासून एक टिपूस नाही. खडखडीत कोरडा. मी तर म्हटलं, सुटलो एकदाचे."

"डॉक्टरांना सांगितलंत कानाचं?"

"बरा झाला, मग काय सांगायचं?"

काकू खाटेवर टेकल्या. त्यांनी पोरीचे केस हलक्या हातानं बाजूला केले. उजव्या कानामागे, चष्म्याची काडी बसते ना, तिथे असते तशी खोल घडी होती. डाव्या कानामागे घडीच नव्हती. तिथे सगळं भरून आलेलं, तांबूस, ताणून चकचकीत झालेलं. बोट जवळ नेलं तशी झोपेतसुद्धा पोरगी आक्रसली.

"हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या," काकू म्हणाल्या.

"रात्री त्या कुशीवर झोपली असेल, म्हणून सुजलंय ते," आई म्हणाली.

"सोमवारी परत दाखवायचंच आहे," बाप म्हणाला. "गोळ्या तरी संपू देत."

"सोमवारपर्यंत थांबू नका. कान पुढे आलाय तिचा. मागून ढकलला जातोय."

आईचा चेहरा बदलला. तीन महिने तिनं उपसले होते. कामावरून आल्यावर उभ्या उभ्या कापूस बदलला होता, आणि त्या तीन महिन्यांचं एकच फळ तिच्या पदरात पडलं होतं. त्यावर कुणी फोटोवाली येऊन बोट ठेवत होती. "काकू, रागावू नका, पण तुम्ही फोटो काढता. आम्ही लेकराला रोज बघतो. कान पुढे आलाय म्हणता, आणि हा बघा तुमचाच फोटो!" तिनं नवऱ्याच्या हातातून कार्ड घेऊन काकूंच्या डोळ्यांपुढे धरलं. "मंगळवारचाच ना? दोन्ही कान सारखे आहेत की नाहीत? सांगा तुम्हीच."

आणि ते खरंच सारखे होते. सांधा कुठेच दिसत नव्हता. काकूंनी आजवर केलेल्या कामांत इतकं सफाईदार काम क्वचितच झालं असेल.

सव्वीस वर्षांत त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला कच्चा फोटो दाखवला नव्हता. सगळ्या गावात मिरवलेलं नाव त्या एका गोष्टीवर उभं होतं. त्यांनी पर्स उघडली. पाकिटाचा चिकटवलेला काठ उघडेना, तेव्हा दातानं फाडला.

"तो कान मंगळवारचा नाही," त्या म्हणाल्या. "तो गेल्या वर्षीचा आहे. मी बसवला."

बापाला कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी खोटं काम केलं. तुमच्या पोरीचा कान वाकडा आला, म्हणून मी तिचा जुना कान काढून नव्या फोटोवर डकवला. हा बघ जुना. आणि हा मंगळवारचा, खरा. माझ्याकडे बघू नकोस, फोटोकडे बघ."

बापानं दोन्ही फोटो खिडकीशी नेले, चादर जराशी सारून उजेडात धरले. खाली कुणीतरी सायकलच्या चाकाला हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज तेवढा येत राहिला. मग तो वळला तेव्हा त्याचा रंग उतरलेला होता. त्यानं पोरीला चादरीसकट उचललं आणि जिना उतरायला लागला.

"अहो, माझ्या चपला," आई म्हणाली आणि अनवाणीच मागे धावली.

पावाच्या गाडीत मागे रिकामे ट्रे होते. ते काकूंनी आणि सायकलवाल्यानं भराभर फुटपाथवर काढून ठेवले. आई पोरीला मांडीवर घेऊन खाली बसली, काकू शेजारी बसल्या. गाडी गचका खाई तशी पोरगी कण्हायची. आई वाटेत एकदाच म्हणाली, "दिसलं तेव्हाच सांगायचंत ना." काकूंनी मान खाली घातली.

दवाखान्यात तपासायला एक तरुण डॉक्टर आला. "काय होतंय?"

"ताप, उलट्या," बाप म्हणाला.

"काही बाहेरचं खाल्लं होतं?"

काकू मध्ये घुसल्या. "पोटाचं राहू द्या. हे बघा." आणि दोन्ही फोटो त्याच्या हातातल्या कागदांवर ठेवले.

"तुम्ही आजी का?"

"मी फोटोवाली. हा गेल्या वर्षीचा कान, हा मंगळवारचा. तीन महिने वाहत होता, सोमवारी आपोआप थांबला, आणि त्यानंतर ताप आलाय. आता बघा कानामागे."

त्यानं बघितलं. मग तो तडक बाहेर गेला आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. बाई बुटक्या, केस आखूड, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्यांनी कानामागे बोट टेकवलं. मग पोरीचं डोकं अलगद उचलून हनुवटी छातीला लावून पाहिली. मान ताठ होती. मग खिशातलं पेन तिच्यापुढे धरलं.

"हे काय गं, बाळ?"

खारूताईनं डोळे किलकिले केले. "ते... लिहायचं ते."

"बरोबर. नाव काय त्याचं?"

"ते... वहीत... लिहायचं."

"झोपेत आहे ती," आई घाईनं म्हणाली, आणि ओशाळं हसली. "एरवी एवढी बडबडी आहे! पहिल्या पाचात असते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. पोरीला त्याचंही नाव सांगता येईना. वेळ बघायचं, एवढंच ती म्हणाली. बाईंनी तिथल्या तिथे शिरेतून इंजेक्शनं सुरू करायला सांगितलं आणि स्कॅनला फोन लावला.

तासाभरानं त्यांनी तिघांना बाकावर बसवून सांगितलं. कानाच्या आतल्या पोकळीवर हाडाचं छत असतं, अंड्याच्या कवचाइतकं पातळ. त्याच्या वर मेंदू. कानातला पू तीन महिने बाहेर येत होता. ती वाट आतून तुंबली, म्हणून कान कोरडा दिसला. "नळ बंद पडला म्हणजे टाकी रिकामी झाली, असं नाही ना?" त्या म्हणाल्या. पू कानामागच्या हाडात शिरला, तिथून कवच कुरतडून वर गेला. मेंदूत द्राक्षाएवढं गळू झालं होतं. नेमकं त्या जागी, जिथे माणूस वस्तूंची नावं साठवतो.

आईनं तोंडाला पदर लावला. "मला वाटलं, बरा झाला."

"सगळ्यांनाच वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाहणारा कान थांबला आणि ताप, डोकेदुखी सुरू झाली, की तिथेच पोरं हातची जातात. तुम्ही आणलीत. आता मला सह्या द्या आणि मला माझं काम करू द्या."

ऑपरेशनला पाच तास लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी बारीक भोक पाडून गळू रिकामं केलं, आणि कानाच्या बाईंनी सडलेलं हाड खरवडून काढलं. काकू त्या पाच तासांत दोनदा निघाल्या आणि दोनदा दारातून परत आल्या. तिसऱ्यांदा आईनंच त्यांचा हात धरला. "बसा ना. आता कुठे जाता?" एवढं बोलून तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि तशीच झोपून गेली. काकूंच्या खांद्याला मुंग्या आल्या, पण खांदा हलला नाही. नवरा चहा घेऊन आला, त्यानं हे पाहिलं आणि कप हातात धरूनच शेजारी उभा राहिला.

खारूताई पाच आठवडे दवाखान्यात होती. आधी ताप उतरला, मग उजेड चालू लागला, मग एकेक नाव परत येऊ लागलं. चमचा आला, खिडकी आली, बापाच्या गाडीचा नंबर आला. 'उशी' बरेच दिवस अडून बसली होती. डाव्या कानानं तिला पुढे कमीच ऐकू येणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. आई म्हणाली, "येऊ दे कमी. मी मोठ्यानं बोलेन. नाहीतरी मी हळू कधी बोलते?"

इकडे काकूंनी एक काम हातावेगळं केलं. त्या शाळेत गेल्या आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "चारशे बारातली सदतीस कार्डं मला परत द्या. त्यांत मी जुने डोळे-ओठ बसवलेत. एकाची तर जीभ बाहेर होती. जसे आहेत तसे छापून देते."

मोठ्या बाईंना हे काही रुचलं नाही. "अहो, कशाला? दिसतंय छान."

"छानच दिसतंय, बाई. तेच तर."

"एकाची जीभ बाहेर आहे म्हणता!"

"त्याचा नवा फोटो काढते. बाकी हललेले, वाकडे, मिटलेले, सगळे आहेत तसे जातील. नको असतील तर दुसरा फोटोवाला बघा." शाळेचं काम गेलं असतं तर स्टुडिओचा कणाच मोडला असता. मोठ्या बाई बराच वेळ कपाट लावल्यासारखं करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वेळ जास्त घ्या. एकेकाला नीट बसवा." म्हणजे काम टिकलं.

पुढल्या वर्षापासून काकूंनी उचलाउचल बंद केली, पण जुने फोटो काही टाकले नाहीत. उलट आता त्या प्रत्येक पोराचे दोन फोटो शेजारी लावून बघू लागल्या. त्यांना सगळंच कळे असं नाही. चारांपैकी तीन वेळा काही नसे. एका मुलाचा गाल सुजला म्हणून त्यांनी त्याच्या आईला घाबरवलं, तर त्याच्या तोंडात नुसती गोळी होती. नवऱ्याला तो किस्सा महिनाभर पुरला. पण दोन पोरं अशी निघाली, ज्यांचे कान वाहत होते आणि घरी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या दोघांना काकूंनी स्वतः डॉक्टरीणबाईंच्या दारात उभं केलं. आता नवरा थट्टेनं 'सरकार' म्हणायचा थांबला होता. साधं, सरळ म्हणायचा, आणि कुणी नवखं गिऱ्हाईक हसलं तर त्यालाच वाईट वाटे.

मग एक दिवस डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. शिकाऊ डॉक्टरांना ते दोन फोटो दाखवायचे आहेत, चालेल का? काकू म्हणाल्या, "पोरगी माझी नाही. तिच्या आईला विचारते." आई म्हणाली, "दाखवा. मोठे करून दाखवा. आणि मीपण येणार."

वर्गात उतरत्या पायऱ्यांवर चाळीसएक पोरंपोरी बसली होती. भिंतीवर खारूताईचे दोन चेहरे, पुरुषभर उंचीचे. काकू आणि आई मागच्या बाकावर, दोघीही ठेवणीतल्या साडीत.

"दोन फोटोंत फरक काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "अर्ध्या मिनिटात सांगा."

कुणी म्हणालं केस. कुणी म्हणालं वजन कमी झालंय. एकजण म्हणाला, हिला चष्मा लागणार. आईनं काकूंना कोपर मारलं आणि कुजबुजली, "दिसेना यांना! एकालाही दिसेना!" तिचा चेहरा असा खुलला होता, जणू पहिल्या पाचात तीच आली होती. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी चाचरत 'कान' म्हणाली, तोवर अर्धं मिनिट कधीच उलटलं होतं.

"ज्यांनी हे ओळखलं, त्या मागे बसल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांनी कुठल्याही कॉलेजात वैद्यक शिकलेलं नाही."

चाळीस माना वळल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आई तर उभी राहूनच वाजवत होती. काकूंनी टाळ्या थांबवल्या नाहीत, घाई नव्हती त्यांना. चांगल्या पोटभर घेतल्या. मग त्या उठल्या, पायऱ्या उतरून खाली पुढे गेल्या आणि भिंतीवरच्या फोटोशेजारी उभ्या राहिल्या.

त्या पहिल्या रांगेतल्या मुलीनं वही उघडून विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं?"

"आधी दुसरं लिहून घ्या," काकू म्हणाल्या. "मला बुधवारी दिसलं आणि मी ते झाकलं. मामंजींची शपथ, इतकं छान झाकलं की तुमच्यातल्या कुणाला जन्मात सापडलं नसतं. शनिवारपर्यंत ते झाकलेलंच होतं. मधले तीन दिवस या पोरीच्या डोक्यात काय चाललं होतं, ते या तुमच्या बाई सांगतील. लिहिलंत? सगळ्यांनी लिहिलंत? मागचा तो निळ्या शर्टातला लिहीत नाहीये."

निळ्या शर्टातल्यानं घाईघाईनं पेन शोधलं. डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची काकूंकडे सरकवली आणि स्वतः जाऊन पायरीवर, पोरांच्यात बसल्या. काकू खुर्चीवर नीट बसल्या, पर्स मांडीवर घेतली, आणि कानाचा कोन म्हणजे काय असतो, ते पहिल्यापासून सांगायला लागल्या.